काळ्या रिंगला ग्रीस

४ मार्च, बुधवार

दुपारची बोट आज धक्क्याला लागली नाही, धडकली! भोंगा ऐकून आम्ही सगळे वर्कशॉपमधून धावलो. बेचाळीस माणसं दोराच्या शिडीवरून उतरली – भिजलेली, भेदरलेली, पण सगळी जिवंत. एका बाईचा हात मोडलाय. सगळ्यात शेवटी स्ट्रेचर आलं. त्यावर बारक्या.

हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. नऊ वर्षं त्या बोटीचं इंजिन तोच सांभाळतो. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या फडक्यात, आणि चेहरा – मी आधी ओळखलाच नाही. कप्तान सांगत होता, समुद्राचं पाणी खेचणारा पंप मध्येच धो धो गळायला लागला. इंजिनाला थंड पाणी मिळेना, ते उकळलं. बारक्याने बादलीने पाणी ओतायला टाकीचं झाकण उघडलं आणि वाफ अंगावर आली. तसल्या हातांनी त्याने इंजिन किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं. "तो नसता तर आम्ही खडकावर होतो," कप्तान म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

पंपाचं सील गेलं, असं कुणीतरी म्हणालं.

तो पंप मी जोडला होता. अकरा फेब्रुवारीला. माझ्याच टेबलावर.

ही हॉस्पिटलात आहे. तिची शाल न्यायला घरी आलोय, आणि शाल मांडीवर घेऊन लिहीत बसलोय! उठतो.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, "हात वाचतील. बोटांचं आत्ता सांगता येत नाही." बारक्याला गुंगीत ठेवलंय. ही खुर्चीवरून हलत नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता; हिनेच वाढवला. त्याची बहीण कमी, आई जास्त.

वर्कशॉपमध्ये जो तो विचारतो, "काय झालं असेल हो?" मी म्हणतो, "उघडल्याशिवाय कसं सांगणार." खोटं! उघडायची गरज नाही मला. काल शिडीखाली उभा होतो तेव्हाच ओळखलं.

इथे लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

सील म्हणजे दोन चकत्या. एक शाफ्टबरोबर फिरते, एक जागेवर बसते, आणि स्प्रिंग दोघींना एकमेकींवर दाबून धरते. आरशासारख्या घासाव्या लागतात. चकतीवर काच ठेवून पिवळ्या दिव्याखाली उमटणाऱ्या रेघा सरळ दिसतात का ते बघायचं, वाकड्या दिसल्या तर पुन्हा घासायचं. दोन चकत्यांमध्ये पाण्याचा एक पापुद्रा राहतो, केसाहून कितीतरी पातळ. तोच त्यांचं वंगण. ज्या पाण्याला अडवायचं, त्याच्याच जिवावर जगायचं. चकती रोज थोडी झिजते, आणि जेवढी झिजते तेवढी स्प्रिंग तिला पुढे सरकवते. सरकायला तिच्या पाठीशी एक काळी रबरी रिंग असते. ती रिंग बसवताना साबणाचं पाणी लावायचं. फक्त साबणाचं पाणी. ते रबर ग्रीस प्यायलं की फुगतं. आज नाही, उद्या नाही – दोन-तीन आठवड्यांनी. फुगलं की शाफ्टला धरून बसतं. चकती झिजते, पण पुढे सरकत नाही. फट पडते. मग पाणी!

माझ्या टेबलावर पाटी आहे, माझ्याच अक्षरात: काळ्या रिंगला ग्रीस लावू नये. सव्वीस वर्षांत किती जणांना घसा फोडून शिकवलंय.

अकरा तारखेला साबणाची बाटली रिकामी होती. नळाचं पाणी सकाळपासून बंद. बोट चारला सुटणार म्हणून फोरमन डोक्यावर उभा. ग्रीसचा डबा हाताशी होता. एवढ्याने काय होतंय, असं मनात म्हणालो. हेच शब्द. रिंगवर ग्रीसची बोटं फिरवली, ती सर्रकन बसली, बोटं रुमालाला पुसली. पूर्ण काम दहा मिनिटांत.

त्याच संध्याकाळी बारक्या जेवायला आला होता. "माझ्या बोटीचा पंप आज तुमच्या हाताखाली होता म्हणे, भाऊजी. म्हणजे मी निश्चिंत!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ मार्च, शुक्रवार

पंप टेबलावर आला. फोरमन म्हणाला, "उघड. झीज वाचणारा इथे दुसरा आहे कोण?" मग तो फोन घ्यायला गेला. बरं झालं. पंप मी एकट्याने उघडला.

चकत्या लख्ख. एक ओरखडा नाही. रिंग मात्र फुगून मऊ पडलेली, शाफ्टला अशी चिकटलेली की लाकडी पट्टीने सोडवावी लागली. नखाने दाबली तर खूण उठली. हातच्या काकणाला आरसा कशाला!

फोरमन परत आला तेव्हा मी सगळं फडक्याखाली झाकलं होतं. "पंप कोरडा चालला असणार, नाही का? समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला असेल," तो सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "बघतो."

सोमवारी अपघाताची चौकशी करायला सर्व्हेअर येणार आहे.

७ मार्च, शनिवार

ही दोन तासांसाठी घरी आली. अंघोळ करून पडेल असं वाटलं, तर कपडे धुवायला बसली! हात रिकामे राहिले की तिला रडू येतं. रुमाल वर धरून म्हणाली, "हा कसला डाग हो? तीनदा धुतला, निघतच नाही. सीलं बसवून येता तेव्हा तर तुमच्या हातांना साबणाचाच वास असतो."

"टाकून दे," मी म्हणालो.

"टाकायला काय झालंय? ओटा पुसायला होईल."

९ मार्च, सोमवार

केलं.

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. मेलेल्या सीलांचा डबा म्हणतात त्याला सगळे. सव्वीस वर्षांत जी सीलं नासून आली त्यातलं एकेक मी कागदात गुंडाळून ठेवत गेलो – वाळूने खाल्लेलं, वाकडं बसलेलं, कोरडं चालून तडकलेलं. नवीन माणूस आला की त्याच्यापुढे डबा उघडायचा आणि विचारायचं, सांग, हे कशाने मेलं? याच मापाचं एक कोरडं चाललेलं त्यात होतं. पांढऱ्या चकतीवर मधोमधून बाहेर फुटलेल्या बारीक चिरा, रिंग जळून कडक. आज सकाळी सर्व्हेअर यायच्या आधी ते ट्रेमध्ये ठेवलं. खरं होतं ते कागदात गुंडाळून डब्यात टाकलं. दोन पुड्यांची अदलाबदल. तेवढंच.

सर्व्हेअर सभ्य माणूस आहे. चष्मा पुसत विचारलं, "काय वाचलंत?"

"कोरडा चालला."

"म्हणजे व्हॉल्व्ह न उघडता पंप चालू केला? म्हणजे इंजिनवाल्याची चूक?"

मी हो म्हणालो. त्याने लिहून द्यायला सांगितलं, मी लिहून दिलं. अक्षर चांगलं आलं. त्याचंच आश्चर्य वाटतंय.

फोरमन मध्येच बोलला, "साहेब, इंजिनवाला याचा सख्खा मेहुणा आहे. तरी बघा, जे दिसलं ते लिहिलं." सर्व्हेअर उठून उभा राहिला. माझा हात हातात घेतला! "असा प्रामाणिकपणा हल्ली राहिला नाही हो."

का केलं? नोकरीसाठी? असेल. पण खरं भय हिचं होतं. "तुझ्या भावाचे हात मी जाळले" – हे वाक्य मी तिच्यापुढे कोणत्या तोंडाने म्हणू? मनाची समजूत घातली, कागदावर काय लिहिलंय त्याने त्याचे हात कमी-जास्त भाजणार नाहीत. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो!

१० मार्च, मंगळवार

भूक लागते. त्याची लाज वाटते.

१२ मार्च, गुरुवार

हिच्या कानावर गेलं. कप्तानाने सांगितलं.

"तुम्ही लिहिलंत?"

"जे दिसलं ते लिहिलं." फोरमनचंच वाक्य! मला स्वतःचं खोटंही सुचलं नाही.

मला वाटलं होतं भांडेल. निदान ओरडेल. ती बारक्याच्या कॉटच्या कडेला बसली. मग म्हणाली, "चुकला असेल तो. लहानपणापासून धांदरटच आहे. तुमचं वाचन कुठे चुकतं?" थोड्या वेळाने उठली, पदराने तोंड पुसलं आणि खालच्या मजल्यावर गेली. हात मोडलेली बाई तिथे आहे. तिच्यापुढे उभं राहून ही म्हणाली, "माझ्या भावाने चूक केली. आम्हाला माफ करा." मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ती बाई म्हणाली, "अहो, त्यानेच तर वाचवलं आम्हाला." ही म्हणाली, "आधी चुकला, मग वाचवलं."

मी जिन्यातूनच परत फिरलो.

१५ मार्च, रविवार

बारक्या शुद्धीवर आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तीन राहिली.

त्याला त्या दिवशीचा सकाळचा चहा आठवतो आणि मग वाफ. मधलं काही नाही, कोरी पाटी. पहिला प्रश्न, "माणसं?" सगळी वाचली म्हटल्यावर डोळे मिटले. दुसरा प्रश्न, "इंजिन का तापलं, भाऊजी?"

मी म्हणालो, "आधी बरा हो." हिने मात्र सांगून टाकलं. लपवणं तिच्या स्वभावातच नाही. त्याच घरात मी राहतो!

१७ मार्च, मंगळवार

आज त्याचा जबाब झाला. सर्व्हेअर हॉस्पिटलात आला होता.

बारक्या आधी म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह मी रोज उघडतो. नऊ वर्षं. हात आपोआप जातो तिकडे." मी भिंतीला टेकून उभा होतो. मनात म्हणत होतो, अड रे, इथेच अडून बस! म्हण की माझी चूक नाही! मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पोरं उत्तर बरोबर आलं का म्हणून मास्तरांकडे बघतात, तसं. आणि म्हणाला, "पण भाऊजींनी वाचलंय म्हणजे राहिलाच असेल उघडायचा. मला आठवत नाही. त्यांना दिसतं."

सर्व्हेअरने कबुली वाचून दाखवली. बारक्याने मान हलवली. सही कशी करणार? साक्षीदार म्हणून हिने सही केली.

त्याचं लायसन रद्द होणार. इंजिन ड्रायव्हरची वरची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. पुस्तकं त्याच्या उशाशीच आहेत. आता त्याला कुठल्या बोटीवर पाय ठेवू देणार नाहीत.

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला त्याने. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर भांडला असता पठ्ठ्या.

१८ मार्च, बुधवार

टेबलावरची पाटी काढली. फोरमन म्हणाला, "का रे?" म्हणालो, "अक्षर पुसट झालंय." पुन्हा लावायला लावली त्याने.

१९ मार्च, गुरुवार

बस. नाही जमत. हिने त्याला भरवलं आज, चमच्याने. तो म्हणाला, "ताई, तू मला दुसऱ्यांदा वाढवतेयस." दोघं हसले! मी बाहेर जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

उद्या सांगतो. नोकरी जाऊ दे, खटला होऊ दे. डबा पिशवीत भरून ठेवलाय.

२० मार्च, शुक्रवार

सर्व्हेअरच्या कार्यालयात गेलो. फोरमनलाही बरोबर घेतलं, लपवाछपवी नको म्हणून. डबा उघडला. पुडी सोडली. सगळं सांगितलं – रिकामी बाटली, ग्रीस, अदलाबदल. एका दमात. घाम फुटला होता, पण छातीवरचा धोंडा उतरत होता. खरं बोलणं इतकं सोपं होतं तर दहा दिवस काय झक मारली, असंही वाटून गेलं.

सर्व्हेअरने फुगलेली रिंग हातात घेतली. उलटसुलट बघितली. मग डब्यातल्या बाकीच्या पुड्यांकडे बघितलं.

"ही रिंग त्याच पंपाची, कशावरून?"

"मी सांगतोय ना!"

"या डब्यात अशी किती सीलं आहेत?"

"अठ्ठावीस."

"सगळी नासलेली. प्रत्येक वेगळ्या कारणाने." त्याने रिंग हळूच कागदात ठेवली. "मेहुण्याचं लायसन गेलं. घरात रडारड झाली असेल. मी समजू शकतो. पण पहिला कागद तुम्ही मन घट्ट करून लिहिलात. तो खरा होता. आता माया आडवी येतेय."

मी टेबलावर हात आपटला. "अहो, मी खोटं लिहिलं होतं!"

"खुद्द त्याने कबूल केलंय. तुमच्या पत्नीची सही आहे. ज्याची चूक तो मान्य करतोय आणि तुम्ही ती अंगावर ओढून घेताय." मग फोरमनला म्हणाला, "यांना चार दिवस रजा द्या."

फोरमनने परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाटली रिकामी होती म्हणतोस, पण मी उभा होतो ना तिथे. तू आणि काळ्या रिंगला ग्रीस? तू? कुणाला सांगतोस!" हसला. मायेने हसला.

मी त्याला म्हणालो, तू घाई करत होतास, माझ्या हातांकडे बघत नव्हतास. तो म्हणाला, "तुझ्या हातांकडे कशाला बघायचं?"

२१ मार्च, शनिवार

गावभर झालं. वर्कशॉपचा स्टोअरवाला चहा घेऊन घरी आला. "मेहुण्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालात. देवमाणूस आहात." मी दार लावून घेतलं. दारापलीकडून म्हणाला, "आणि वर मोठेपणा नको यांना!"

बारक्याला स्वतः सांगावं म्हणून गेलो. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. मी कॉटशेजारी बसून पहिल्यापासून सांगितलं, काही गाळलं नाही. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "माझ्यासाठी एवढं नका करू, भाऊजी. ताईला तुमच्याशिवाय कोण आहे?" आणि पट्ट्या बांधलेले ते दोन हात माझ्यापुढे जोडायला गेला. जुळेनात. मीच ते धरून खाली ठेवले.

खोटं लिहिलं तेव्हा प्रामाणिक ठरलो. खरं सांगितलं तर देवमाणूस. आता शिक्षा मागायला कुणाच्या दारात जाऊ? सव्वीस वर्षांत कमावलेलं नाव माझ्या मानेवर बसलंय, उतरत नाही.

ही दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

२२ मार्च, रविवार

संध्याकाळी भांडी घासता घासता, मागे न वळता हिने विचारलं, "बाटली रिकामी होती तो दिवस कुठला?"

"अकरा फेब्रुवारी."

"बारक्या जेवायला आला होता तो?"

"हो."

तिने नळ बंद केला. ओट्यावरचं ओलं फडकं उचललं, पिळलं, उजेडात धरलं. तोच रुमाल. मधोमध दोन बोटांचा काळपट डाग. किती तरी वेळ बघत होती. "त्या दिवशी तुमच्या हातांना साबणाचा वास नव्हता," एवढंच म्हणाली. मग रुमालाची घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

काय बोलायचं होतं ते सगळं बोलून झालंय, सगळ्यांपाशी.

२४ मार्च, मंगळवार

बारक्याला घरी सोडलं. ही त्याच्या खोलीवर राहायला गेली. चार साड्या, शाल, त्याची पुस्तकं. दारात थांबली. मला वाटलं, कधी येणार ते सांगेल.

"बाकी कुणाला पटलं नाही ना तुमचं?" ती म्हणाली. "मला पटलं."